वाचकांचे प्रश्न : स्पेसवॉक घडवणारी जमिनीवरची माणसे

मागील अंकात सुनीता विल्यम्स यांच्या नऊ स्पेसवॉकविषयी, म्हणजे यानाबाहेरच्या एकूण ६२ तास ६ मिनिटांविषयी, एक टिपण छापले होते. त्यावर इंदूरहून बरीच पत्रे आली. बाहेर जाणाऱ्यापेक्षा त्याला बाहेर पाठवणाऱ्या अभियंत्यांबद्दलचे प्रश्न त्यांत जास्त होते. निवडक प्रश्नांना आमच्या अवकाश-अभियांत्रिकी सल्लागारांनी दिलेली उत्तरे पुढे देत आहोत.

माझी मुलगी यंदा बारावीला आहे. तिला अंतराळवीर नाही व्हायचे. अंतराळवीरांना स्पेसवॉक शिकवणारी आणि तो जमिनीवरून चालवणारी अभियंता व्हायचे आहे, असे म्हणते. असे वेगळे काम खरेच असते का? ते लोक रोज करतात तरी काय?
— एक आई, लोकमान्य नगर

ताई, असते, आणि ते पूर्णवेळ काम आहे. अमेरिकेच्या नासा या अवकाश संस्थेच्या ह्यूस्टनमधील नियंत्रण कक्षात स्पेसवॉकचे स्वतंत्र टेबल आहे. त्यावर बसणाऱ्याला ‘ईव्हीए’ (यानाबाहेरच्या कामाचे इंग्रजी लघुरूप) याच नावाने हाक मारतात. त्याच्या पाठीशी मागच्या खोलीत आणखी अभियंते असतात. कोणी फक्त पोशाखाकडे पाहतो: ऑक्सिजन किती उरला, बॅटरी किती, कार्बन डायऑक्साइड किती साचला. कोणी फक्त कामाकडे: कितवी पायरी चालू आहे, कोणते हत्यार कोणाकडे आहे.

पण टेबलावर बसण्याचे दिवस थोडे. वर्षाचा मोठा भाग कार्यपद्धती लिहिण्यात आणि ती पाण्यात करून पाहण्यात जातो. साधारण साडेसहा तासांच्या स्पेसवॉकची एकेक ओळ लिहिलेली असते. अंतराळवीराने दोरीचा हूक कोणत्या कठड्याला लावायचा, पाय अडकवण्याची चौकट कोणत्या कोनात बसवायची, बोल्ट कोणत्या दिशेने किती फेरे फिरवायचा, किती जोरावर थांबायचे. अत्यावश्यक काम आधी, ‘वेळ उरला तर’ची कामे शेवटी. त्याहून महत्त्वाचा प्रश्न म्हणजे कोणत्या पायरीवर काम सोडून परतता येते आणि कोणत्या पायरीवर येत नाही. जुना भाग काढला आणि नवा अजून बसला नाही, अशा अवस्थेत पोशाखात बिघाड झाला तर? तो भाग कशाने बांधून ठेवायचा, याचे पान आधीच तयार लागते. तयारीचा निम्म्याहून अधिक जीव या ‘झाले नाही तर’च्या पानांतच असतो, आणि चांगला अभियंता तिथेच ओळखू येतो.

परत बोलावण्याचेही दोन प्रकार आहेत. ‘टर्मिनेट’ म्हणजे काम आवरा, हत्यारे सांभाळा आणि नीट एअरलॉककडे (आत-बाहेर जाण्याच्या हवाबंद खोलीकडे) या. ‘अ‍ॅबॉर्ट’ म्हणजे सगळे टाकून तडक आत. कोणत्या आकड्याला कोणता शब्द उच्चारायचा, ते नियमपुस्तकात आधीच ठरलेले असते. ऐन वेळी वाद घालायला वेळ नसतो.

अंतराळात पाणी नाही. मग सराव पाण्यातच का? आणि तो सराव कितपत खरा?
— यांत्रिकी अभियांत्रिकी, तिसरे वर्ष, एसजीएसआयटीएस

हा धडा १९६६ मध्ये मिळाला. त्या वर्षी जूनमध्ये जेमिनी-९ए या अमेरिकी यानातून बाहेर गेलेले यूजीन सर्नन काही वेळातच पार थकले. पाय रोवायला जागा नव्हती. प्रत्येक हालचालीला शरीर उलट दिशेने वळे आणि ते सावरण्यातच शक्ती संपे. त्यांच्या घामाचा भार पोशाखाच्या हवेने थंड करण्याच्या यंत्रणेला पेलला नाही, काच धुरकटली आणि काम अर्धवट सोडावे लागले. नोव्हेंबरमध्ये जेमिनी-१२ च्या बझ ऑल्ड्रिन यांनी बाल्टिमोरजवळच्या एका शाळेच्या तलावात सराव केला होता. यानावर पाय अडकवायच्या जागा आणि धरायला मुठी लावल्या होत्या, मध्ये विश्रांतीच्या वेळा ठरवल्या होत्या. त्यांचे काम सुरळीत झाले. पाण्यातला सराव तेव्हापासून पक्का झाला.

आज ह्यूस्टनचा तलाव ६२ मीटर लांब, ३१ मीटर रुंद आणि १२ मीटर खोल आहे. त्यात सुमारे २३५ लाख लिटर पाणी आहे आणि तळाशी अंतराळस्थानकाच्या भागांच्या पूर्ण मापाच्या प्रतिकृती आहेत. पोशाख घातलेल्या माणसाला क्रेनने पाण्यात सोडतात. मग पाणबुडे त्याच्या पोशाखाच्या कप्प्यांत वजने आणि फोमचे तुकडे घालतात, काढतात, जागा बदलतात. तो वर येऊ नये, खाली जाऊ नये आणि आडवा केला तर आपोआप उभा होऊ नये, इथपर्यंत हे चालते. ही पायरी घाईत उरकली तर पुढचे तास वाया जातात. पाय जड राहिले की माणूस सतत उभा होऊ पाहतो आणि खांदे त्याच्याशी झगडत बसतात. पोशाखातला दाब भोवतीच्या पाण्यापेक्षा सुमारे ४ पीएसआय (सुमारे २८ किलोपास्कल) जास्त ठेवतात. त्यामुळे हातमोजे अंतराळात असतात तितकेच ताठ होतात. श्वासासाठी ४६ टक्के ऑक्सिजन असलेले नायट्रॉक्स (ऑक्सिजन आणि नायट्रोजनचे मिश्रण) देतात, म्हणून सहा तास खाली राहूनही वर येताना टप्प्याटप्प्याने थांबावे लागत नाही.

आता त्याचे खोटेपण. एक म्हणजे पाणी हालचालीला अडवते. तलावात मोठी पेटी ढकलून सोडली की ती थांबते. वर ती थांबत नाही, आणि थांबवायला सुरुवात करायला लागले तेवढेच बळ लागते. पाण्यात ‘सोपे’ वाटलेले काम वर अंगावर येते ते यामुळे. म्हणून जड वस्तू हाताळण्याचा सराव वेगळा घेतात. हवेच्या पातळ थरावर तरंगणाऱ्या फरशीवर, किंवा आभासी चित्र दाखवत हातातल्या मुठींना मोटरने तसाच जोर देणाऱ्या यंत्रावर. दुसरे खोटेपण म्हणजे पोशाख तरंगतो, पण आतला माणूस तरंगत नाही. डोके खाली केले की त्याचे सगळे वजन खांद्यांवरून पोशाखाच्या कडक छातीवर पडते. खांद्याच्या दुखापती बऱ्याचदा तलावातल्या असतात, अंतराळातल्या नव्हेत. त्यामुळे उलटे राहण्याचा वेळ प्रशिक्षक मोजून ठेवतो. बोटांची नखे सैल होणे हाही याच सरावाचा नेहमीचा त्रास.

स्थानक जोडले जात होते तेव्हा बाहेरच्या एका तासासाठी तलावात पाच ते सात तास लागत. आता कोणती दुरुस्ती कधी निघेल हे आधी माहीत नसते. म्हणून ठरावीक काम घोकून घेण्यापेक्षा हूक बदलणे, सरकणे, बोल्ट, केबलचे जोड अशी कौशल्ये पक्की करून घेतात.

बाहेर पडण्यापूर्वी कित्येक तास नुसता ऑक्सिजन घेतात, असे वाचले. एवढा वेळ कशासाठी?
— निवृत्त शिक्षक, रामबाग

स्थानकात दाब जमिनीसारखाच, १०१ किलोपास्कल असतो. पोशाखात मात्र शुद्ध ऑक्सिजन सुमारे ३० किलोपास्कलवर असतो. श्वासाला तो पुरतो, कारण समुद्रसपाटीच्या हवेत ऑक्सिजनचा वाटा २१ किलोपास्कलच आहे. अडचण नायट्रोजनची. रक्तात आणि चरबीत विरघळलेला नायट्रोजन दाब एकदम उतरल्यावर बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर येतो. सांध्यांत कळा येतात, क्वचित मेंदूवर परिणाम होतो. म्हणून तो आधी श्वासावाटे काढून टाकायचा.

आता रूढ असलेली एक पद्धत अशी: तोंडाला मास्क लावून तासभर शुद्ध ऑक्सिजन. त्यातच एअरलॉकचा दाब ७० किलोपास्कलपर्यंत उतरवतात. मग पोशाख चढवतात, आतली हवा ऑक्सिजनने धुऊन काढतात. त्यानंतर पोशाखातच ५० मिनिटे हलका व्यायाम (चार मिनिटे पाय हलवायचे, एक मिनिट थांबायचे) आणि पुढे ५० मिनिटे विश्रांती. व्यायामाने स्नायूंतला रक्तप्रवाह वाढतो आणि नायट्रोजन लवकर निघतो. व्यायाम न करता पोशाखात बसून राहिले तर हेच काम चार तास घेते. मध्येच मास्क निघाला तर नायट्रोजन परत शिरतो आणि त्या वेळेची भरपाई करावी लागते. प्रशिक्षणात म्हणूनच मास्क न काढता पोशाखाच्या तयारीची कामे कशी करायची याचा वेगळा सराव असतो.

पोशाखाचा दाबच का वाढवत नाहीत, असा पुढचा प्रश्न तुमच्या मनात येईल. रशियन ऑर्लान पोशाख ४० किलोपास्कलवर चालतो आणि त्याची पूर्वतयारी बरीच कमी वेळाची आहे. पण दाब वाढला की प्रत्येक सांधा आणि प्रत्येक बोट वाकवायला जास्त बळ लागते. फुगलेल्या मोज्यात सहा तास मूठ वळायची आहे हे लक्षात घेतले की दोन्ही बाजूंचा हिशेब कळतो.

हातातून पाना सुटला तर? आणि माणूसच सुटला तर?
— इयत्ता दहावी, सुदामा नगर

पाना सुटू नये म्हणून तो कधीच मोकळा नसतो. प्रत्येक हत्याराला छोटी दोरी असते आणि नियम एकच: आधी नवा हूक लाव, ओढून बघ, मगच जुना सोड. प्रशिक्षक हा क्रम डोळ्यांत तेल घालून पाहतात. तरीही चुका होतात. १८ नोव्हेंबर २००८ रोजी अंतराळवीर हेडेमेरी स्टेफनिशिन-पायपर यांच्या पिशवीत ग्रीसची बंदूक गळली. त्या आतले पुसत असताना पिशवीच निसटून गेली, कारण ती कशाला बांधलेली नव्हती. आतली हत्यारे पिशवीला बांधलेली होती, त्यामुळे ती सगळीच्या सगळी गेली. साखळीतला एक दुवा सुटला की बाकीचे पक्के दुवे उपयोगाचे नाहीत, हे तुला यावरून दिसेल.

माणसाला गुंडाळत जाणारी पोलादी दोरी असते, २६ मीटरपर्यंत लांब. कामाच्या जागी तो आणखी एका आखूड दोरीने स्वतःला बांधतो. एवढे करूनही सुटला तर पाठीवर ‘सेफर’ नावाचे यंत्र आहे. त्याला नायट्रोजन सोडणाऱ्या २४ नळ्या असतात. पहिले काम गरगर फिरणे थांबवणे. ते यंत्र स्वतः करते. मग स्थानकाकडे तोंड करून हळूच पुढे. साठा इतका थोडा की सगळा मिळून वेगात बदल होतो सेकंदाला सुमारे ३ मीटर. म्हणजे चुकीच्या दिशेने घाईत दाबले की परतीचा गॅस संपला. हा सराव आभासी चष्मा लावून जमिनीवरच करून घेतात.

मी पीथमपूरच्या कारखान्यात देखभाल विभागात आहे. आमच्याकडे बोल्ट अडकला तर तेल घालतो, तापवतो, शेवटी कापतो. वर काय करतात?
— एक पर्यवेक्षक

तुमच्या प्रश्नाला एक घडलेली गोष्टच उत्तर आहे. ३० ऑगस्ट २०१२ रोजी सुनीता विल्यम्स आणि अकिहिको होशिदे स्थानकाच्या मुख्य वीजवाटपाची एक पेटी बदलत होते. ती दोन लांब बोल्टांवर बसते. त्यातला एक बोल्ट शेवटपर्यंत जाईना. आठ तासांहून अधिक वेळ बाहेर राहूनही तो बसला नाही, तेव्हा पेटी पट्ट्याने बांधून दोघे परतले. स्थानकाच्या आठ वीजवाहिन्यांपैकी दोन या पेटीवर अवलंबून होत्या.

पुढच्या काही दिवसांत जमिनीवरच्या अभियंत्यांनी बोल्टच्या घरात दिसलेल्या धातूच्या बारीक कचऱ्यावरून अंदाज बांधला आणि स्थानकात जे सामान आहे तेवढ्यावरच उपाय शोधला. टूथब्रश, आणि केबलच्या तारा सोलून केलेला गोल ब्रश. ५ सप्टेंबरला दोघे पुन्हा बाहेर गेले. नायट्रोजनच्या फवाऱ्याने कचरा उडवला, ब्रशने आटे साफ केले, वंगण लावले आणि बोल्ट बसला.

तुमच्या कामाशी ताडून पाहण्यासारखे मुद्दे असे. निर्वातात उघड्या धातूवर हवेतल्यासारखा ऑक्साइडचा थर पुन्हा तयार होत नाही. त्यामुळे घासल्या गेलेल्या दोन पृष्ठभागांची पकड लवकर बसते. साधे तेल तिथे चालत नाही, कारण त्याची वाफ होते आणि ती जवळच्या आरशांवर, संवेदकांवर बसते. म्हणून कोरडी किंवा निर्वातासाठीचीच वंगणे. जोर वाढवत नेणे हा उपाय शेवटचा, कारण तुटलेला बोल्ट काढायला तिथे ड्रिल घेऊन बसता येत नाही. विजेवर चालणाऱ्या पिस्तुलासारख्या पान्यावर बळ, वेग आणि फेरे आधी ठरवून देतात. अंतराळवीर दर वेळी दोन आकडे मोठ्याने सांगतो: किती फेरे झाले, किती जोरावर थांबला. जोर आला पण फेरे कमी भरले, तर आटे अडकले आहेत. फेरे भरले पण जोर आला नाही, तर बोल्ट धरलाच नाही. नुसता ‘घट्ट झाला’ हा शब्द कोणी मान्य करत नाही. स्थानकावर बाहेरच्या बहुतेक बोल्टांचे डोके ७/१६ इंच षटकोनी ठेवले आहे, तेही याचसाठी: एकाच सॉकेटवर जास्तीत जास्त कामे.

हेल्मेटमध्ये पाणी भरून एक अंतराळवीर बुडता बुडता वाचला, हे खरे का? पाणी आले कुठून?
— एक डॉक्टर वाचक, राजेंद्र नगर

खरे आहे. १६ जुलै २०१३, लुका परमितानो. पाणी आले ते थंड ठेवण्याच्या यंत्रणेतून. अंतराळवीर अंगाला लागून जो कपडा घालतो त्यात सुमारे ९० मीटर बारीक नळ्या असतात आणि त्यांतून थंड पाणी फिरते. पाठीवरच्या पेटीत हवा फिरवणारा पंखा, पाण्याचा पंप आणि हवेतला ओलावा वेगळा काढणारी फिरती चकती हे तिन्ही एकाच मोटरवर बसवलेले आहेत. त्या भागातली बारीक छिद्रे पाण्यातल्या खनिज कणांनी बुजली होती. पाण्याला जायला वाट राहिली नाही, ते हवेच्या मार्गात शिरले आणि डोक्यामागच्या हवेच्या तोंडातून हेल्मेटमध्ये आले.

जमिनीवर पाणी खाली ओघळले असते. तिथे ते डोक्यामागे गोळा झाले, पृष्ठताणामुळे त्वचेला चिकटून पुढे सरकले, कानांवर, डोळ्यांवर, नाकावर आले. हात आत घालून पुसता येत नाही. त्यातच सूर्य मावळला आणि आवाज तुटू लागला. परमितानो स्वतःच्या सुरक्षा-दोरीची ओढ कुठल्या बाजूने लागते त्यावरून एअरलॉकची दिशा ओळखत परतले. १ तास ३२ मिनिटांत स्पेसवॉक संपला. हेल्मेटमधून सुमारे दीड लिटर पाणी निघाले.

प्रशिक्षणात आजही शिकवला जातो तो भाग याच्या आठवडाभर आधीचा. ९ जुलैच्या स्पेसवॉकनंतरही त्याच पोशाखाच्या हेल्मेटमध्ये पाणी सापडले होते. पिण्याच्या पिशवीतून गळले असेल, असे ठरवून पुढे गेले. पिशवी खरोखर गळते का हे तपासले नाही. हेल्मेटमध्ये थोडे पाणी दिसणे सवयीचे झाले होते. १६ तारखेलाही पाण्याची पहिली तक्रार आणि परतीचा निर्णय यांत २३ मिनिटे गेली, कारण पहिला संशय पुन्हा पिशवीवरच होता. चौकशी समितीने यंत्राच्या दोषाइतकेच याकडेही बोट दाखवले.

त्यानंतर हेल्मेटमध्ये डोक्यामागे पाणी शोषणारी गादी आली आणि तोंडापासून पोशाखाच्या छातीच्या भागापर्यंत जाणारी श्वासनळी आली, म्हणजे वर पाणी साचले तरी खालची हवा घेता यावी. गादी ओली लागते का, हे अंतराळवीर मधूनमधून डोके मागे टेकून पाहतो आणि सांगतो. डॉक्टर म्हणून तुम्हाला हे ओळखीचे वाटेल: सोयीचे निदान पहिल्यांदा सुचते, आणि ते खोडून पाहिल्याशिवाय स्वीकारायचे नसते.

इंदूरमध्ये राहून या दिशेने काय करता येईल? नासात भारतीयांना नोकरी मिळते का?
— अनेक वाचक

आधी कटू भाग. नासाच्या थेट नोकरीसाठी अमेरिकेचे नागरिकत्व लागते. कंत्राटदार कंपन्यांतही निर्यातबंदीच्या कायद्यांमुळे या कामांना बहुधा नागरिक किंवा कायम रहिवासीच घेतात. नुसती तिथली पदवी पुरत नाही. कर्ज काढून मुलांना पाठवण्यापूर्वी पालकांनी हे समजून घ्यावे.

भारतात वाट नवी आहे, पण खरी आहे. इस्रोने २०१९ मध्ये बंगळुरूला मानवी अंतराळ उड्डाण केंद्र सुरू केले. गगनयानच्या चमूचे प्रशिक्षण तिथेच चालते आणि २०३५ पर्यंत भारतीय अंतरिक्ष स्थानक उभारण्याचे उद्दिष्ट आहे. स्थानक आले की बाहेरची दुरुस्ती आली. इस्रोच्या ‘वैज्ञानिक/अभियंता एससी’ पदांच्या जाहिरातींत यांत्रिकी, इलेक्ट्रॉनिक्स आणि संगणक शाखा असतात. पात्रता सहसा ६५ टक्के किंवा ६.८४ सीजीपीए, आणि सर्वसाधारण गटाला वय २८ पर्यंत. दुसरी वाट तिरुवनंतपुरमच्या आयआयएसटी या अवकाश विज्ञान आणि तंत्रज्ञान संस्थेची, तिला जेईई अ‍ॅडव्हान्स्ड लागते. सिमरोलच्या आयआयटी इंदूरमध्ये अवकाशविज्ञान आणि अभियांत्रिकीचा बीटेक आहे. आणि आपल्याच गावात राजा रामण्णा केंद्रात इंडस-२ या सिंक्रोट्रॉनची (इलेक्ट्रॉन वर्तुळात फिरवणाऱ्या यंत्राची) अतिनिर्वात यंत्रणा आहे. निर्वातात कोणते पदार्थ चालतात, सफाई कशी ठेवतात, गळती कशी शोधतात हे शिकायला देशातल्या मोजक्या जागांपैकी ती एक. तिथल्या प्रशिक्षणाच्या आणि प्रकल्पांच्या सूचनांवर लक्ष ठेवा.

घरी करता येईल असा एक सराव सांगतो. सियागंजातून ७/१६ इंच डोक्याचे चार बोल्ट, नट, एक सॉकेट पाना आणि जाड चामडी कामाचे मोजे आणा. लाकडी फळीवर लोखंडी पट्टी चार बोल्टांनी बसवा. आता ती काढून परत बसवण्याची कृती कागदावर अशी लिहा की वाचणारा दुसऱ्या खोलीत असेल, करणारा मोज्यांचे दोन जोड घालून असेल आणि दोघांत फक्त फोन असेल. प्रत्येक वस्तू सुतळीने बांधलेली हवी. काही खाली पडले तर ते हरवले असे धरायचे. करणाऱ्याने प्रत्येक बोल्टचे फेरे मोजून सांगायचे, वाचणाऱ्याने लिहून घ्यायचे. तिसऱ्या मित्राने दोघांना न सांगता एका बोल्टच्या आट्यांत आधीच थोडी वाळू घालून ठेवायची. फेऱ्यांच्या आकड्यांवरून वाचणाऱ्याला तो बोल्ट ओळखता आला पाहिजे. नाही आला तर कागदात काय लिहायचे राहिले ते शोधा, दुरुस्त करा आणि भूमिका बदलून पुन्हा करा.

चष्मा आहे. चालेल का?
— इयत्ता अकरावी, तिलक नगर

टेबलावरच्या आणि लेखनाच्या कामाला चालेल. पाणबुडा म्हणून तलावात उतरायचे किंवा दाब कमी करणाऱ्या कक्षात जायचे असेल तर स्वतंत्र वैद्यकीय तपासणी होते. त्यात कान, सायनस आणि फुप्फुसे बारकाईने पाहतात.